फ्लेमिंग यांचा इशारा आणि डब्यातील उरलेल्या गोळ्या

वसईच्या पश्चिमेस केळीच्या आणि भाजीच्या वाड्यांमध्ये वसलेल्या सांडोर गावातून रोज पहाटे अनेक माणसे वसई रोड स्थानकाची वाट धरतात. त्यांत कारकून असतात, शिक्षक असतात, महाविद्यालयात जाणारी मुले असतात. यांपैकी एखाद्याचा घसा धरतो, अंगात कणकण भरते. रजा शिल्लक नसते आणि संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर दवाखान्यातील रांगेत बसण्याचे त्राण नसते. मग मागच्या वेळी लागू पडलेल्या गोळ्यांचे नाव औषधाच्या दुकानात सांगून चार गोळ्या आणल्या जातात. दोन दिवसांत ताप उतरतो. उरलेल्या गोळ्या एका डब्यात जातात आणि पुढे केव्हातरी घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडतात. यात काही गैर आहे असे कोणासच वाटत नाही. उलट ती काटकसर समजली जाते. असा डबा एकट्या सांडोरमध्येच नव्हे, तर महाराष्ट्रातील असंख्य घरांत सापडेल.

या डब्यातून केवढा अनर्थ उद्भवू शकतो, हे ज्या पुरुषाने फार पूर्वी जगाला बजावून सांगितले, तो या औषधांचा कोणी विरोधक नव्हता. ज्यांच्या हातून पेनिसिलिनचा शोध लागला आणि प्रतिजैविकांचे युग सुरू झाले, त्या सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच तो इशारा दिला होता. आणि तोही 1945 साली, नोबेल पारितोषिक स्वीकारताना. त्यांचे चरित्र शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. परंतु ते बहुधा बुरशी लागलेल्या काचेच्या बशीपाशी येऊन थांबते. त्यापुढील भाग आज अधिक महत्त्वाचा झाला आहे.

कारकुनाचा झाला वैद्य

फ्लेमिंग यांचा जन्म 6 ऑगस्ट 1881 रोजी स्कॉटलंडमधील आयरशायर परगण्यात, डार्व्हेल गावाजवळच्या एका शेतावर झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे पुष्कळ. ते सात वर्षांचे असतानाच वडील वारले. लहानपण मेंढरे, ओढे आणि माळरान यांच्या संगतीत गेले. बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देण्याची त्यांची सवय या उघड्या रानातच लागली असावी. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते लंडनला थोरल्या भावाकडे आले आणि शिक्षण आटोपून एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. चार वर्षे त्यांनी कारकुनी केली. ती त्यांना रुचत नव्हती. परंतु घरच्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता.

पुढे एका काकांच्या मृत्यूनंतर थोडा वारसा मिळाला आणि भावाच्या सल्ल्यावरून, वयाच्या विसाव्या वर्षी, 1901 मध्ये त्यांनी सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे त्यांनी एकामागून एक पारितोषिके मिळविली. 1906 मध्ये ते त्याच संस्थेत सर आल्मरोथ राइट यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि जवळजवळ सारे आयुष्य तेथेच रमले. हे राइट विषमज्वराच्या लसीबद्दल प्रसिद्ध होते. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाचेही ते सदस्य होते. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती वाढविणे हाच रोगावरचा खरा उपाय, अशी राइट यांची श्रद्धा होती आणि तिचा ठसा शिष्यावर उमटला.

पहिल्या महायुद्धात राइट यांच्यासमवेत फ्लेमिंग फ्रान्समधील बुलोन येथे गेले. तेथे त्यांनी सैनिकांच्या सडलेल्या जखमा पाहिल्या. त्या काळी अशा जखमांवर तीव्र जंतुनाशके ओतण्याची पद्धत होती. फ्लेमिंग यांनी काचेची वेडीवाकडी नळी तयार करून तिच्या रूपाने जखमेची प्रतिकृती बनविली आणि दाखवून दिले की, जंतुनाशक जखमेच्या खोल कोपऱ्यांत पोहोचतच नाही. तेथील जंतू सुखरूप राहतात. मरतात त्या जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी. अपुऱ्या माऱ्यातून निसटलेला शत्रू पुन्हा उसळून येतो, हा धडा त्यांना येथे प्रथम मिळाला. तीस वर्षांनी दिलेल्या इशाऱ्यातही हाच विचार पुन्हा दिसतो.

बशी आणि बुरशी

युद्धानंतर फ्लेमिंग पुन्हा प्रयोगशाळेत आले. 1921 मध्ये नाकातील स्राव, अश्रू आणि लाळ यांत जंतू विरघळवून टाकणारा एक पदार्थ त्यांना आढळला. त्याला त्यांनी लायसोझाइम हे नाव दिले. दुर्दैवाने भयंकर रोगांच्या जंतूंवर त्याचा प्रभाव पडत नव्हता. परंतु शरीराला अपाय न करता जंतूंना मारणारा पदार्थ निसर्गात असू शकतो, ही खूणगाठ त्यांच्या मनात पक्की झाली.

1928 च्या सप्टेंबर महिन्यात सुटीवरून परतल्यावर टेबलावर साचलेल्या जुन्या बश्या ते चाळीत होते. एका बशीत बुरशीचा ठिपका उगवला होता आणि त्याच्या सभोवतालचे पू निर्माण करणारे जंतू नाहीसे झाले होते. त्यांनी ती बुरशी वाढविली, तिच्या रसाला पेनिसिलिन हे नाव दिले आणि 1929 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या रसाने सर्व जंतू मरत नाहीत, काहींवर त्याचा मुळीच परिणाम होत नाही, हेही त्यांनी त्याच वेळी नोंदविले होते. परंतु हा रस टिकत नव्हता आणि शुद्धही करता येत नव्हता. दहा वर्षे तो शोध जवळजवळ अडगळीत पडून राहिला.

तेथून तो बाहेर काढला ऑक्सफर्डच्या संशोधकांनी. ऑस्ट्रेलियातून आलेले हॉवर्ड फ्लोरी, नाझींच्या जर्मनीतून परागंदा झालेले अर्न्स्ट चेन आणि अत्यंत कल्पक सहकारी नॉर्मन हीटली यांनी युद्धाच्या टंचाईत, रुग्णांच्या शौचपात्रांतसुद्धा बुरशी वाढवून, पेनिसिलिन वेगळे केले. मे 1940 मध्ये आठ उंदरांना घातक जंतू टोचले गेले. पेनिसिलिन दिलेले चार वाचले, न दिलेले चार मेले. फ्लेमिंग यांच्या वाट्याला पुढे जी अफाट कीर्ती आली, तिच्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे हे विसरून चालणार नाही.

पहिला अर्धवट उपचार

फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्ड येथे आल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला हे औषध देण्यात आले. त्याच्या चेहऱ्यावर व डोक्यावर जंतुसंसर्ग पसरला होता आणि एक डोळा गेला होता. औषध सुरू होताच ताप उतरला, भूक लागू लागली. परंतु जगात तेव्हा पेनिसिलिन होते तरी किती? रुग्णाच्या लघवीतून बाहेर पडणारे औषध प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा वेगळे काढण्यात आले आणि त्यालाच टोचण्यात आले. पाच दिवसांत तेही संपले. रोग उलटला आणि 15 मार्च 1941 रोजी तो शिपाई मरण पावला. शरीरात उरलेल्या जंतूंनी त्याचा बळी घेतला.

प्रतिजैविकाचा हा इतिहासातील बहुधा पहिला अर्धवट राहिलेला उपचार. तो अर्धवट राहिला, कारण औषध अस्तित्वातच नव्हते. आज उपचार अर्धवट राहतो तो औषध हाताशी असताना. ज्या थेंबासाठी शास्त्रज्ञांनी लघवी गाळली, त्याच कुळातील औषध आज चार गोळ्या खाऊन बाजूस ठेवून दिले जाते. टंचाईने जेवढा घात केला नाही, तेवढा सुलभतेने केला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढील घडामोडी वेगाने झाल्या. ऑगस्ट 1942 मध्ये फ्लेमिंग यांनी फ्लोरी यांच्याकडून औषध मागवून घेऊन मेंदूज्वराने मरणाच्या दारी टेकलेल्या आपल्या एका परिचितास वाचविले. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि 1944 मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्याच्याजवळ पेनिसिलिनचा साठा होता. त्याच वर्षी फ्लेमिंग यांना सर हा किताब मिळाला आणि 1945 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना विभागून देण्यात आले.

सन्मानाच्या प्रसंगी दिलेला इशारा

11 डिसेंबर 1945 रोजी स्टॉकहोम येथे फ्लेमिंग यांनी व्याख्यान दिले. अशा प्रसंगी आपल्या शोधाचा गौरव करणे स्वाभाविक ठरले असते. त्यांनी मात्र व्याख्यानाच्या अखेरीस एका काल्पनिक कुटुंबाची हकिकत सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन विकत आणतो आणि थोडेसेच घेतो. जंतू मरण्यास ते पुरत नाही, पण औषधाला तोंड कसे द्यावे हे जंतूंना शिकविण्यास पुरते. त्याच्यापासून पत्नीला लागण होते. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिले जाते, परंतु जंतू आता त्याला दाद देत नाहीत आणि ती दगावते. या मृत्यूस जबाबदार कोण, असा प्रश्न विचारून फ्लेमिंग यांनी त्याचे उत्तरही दिले होते: ज्याने हलगर्जीपणाने औषध घेऊन जंतूचा स्वभाव पालटला, तो पती.

या कथेतील मर्म पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चूक करणारा बरा झाला आणि मरण आले ते चूक न करणाऱ्या व्यक्तीला. इतर बहुतेक औषधांच्या बाबतीत रुग्णाने केलेल्या हयगयीचे फळ त्यालाच भोगावे लागते. रक्तदाबाची गोळी चुकविणाऱ्याचा रक्तदाब वाढतो, शेजाऱ्याचा नव्हे. प्रतिजैविकाचे तसे नाही. ते घेणारा मनुष्य कळत नकळत आपल्या घरातील, कचेरीतील आणि आगगाडीच्या डब्यातील सर्वांच्या औषधावर परिणाम घडवीत असतो. म्हणून रुग्णाचे वर्तन ही केवळ त्याची खाजगी बाब उरत नाही.

ब्रिटनने हा इशारा कायद्याच्या पातळीवर लवकर मानला. 1947 च्या पेनिसिलिन कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून या औषधाची विक्री रोखण्यात आली. तरीही रुग्णालयांतून पेनिसिलिनला न जुमानणारे पू-जंतू त्याच दशकात वाढीस लागले. त्यांच्यावर 1959 मध्ये मेथिसिलिन हे नवे औषध आले, तर 1961 मध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू सापडल्याची नोंद झाली. फ्लेमिंग हे पाहावयास नव्हते. 11 मार्च 1955 रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले आणि लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. त्याच 1955 साली आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. शोधकर्त्याचा अस्त आणि महाराष्ट्राच्या भूमीवर त्याच्या औषधाचा उदय, हे एकाच वर्षी घडले. परदेशांतून येणारे दुर्मिळ औषध देशातच तयार होऊ लागले, ही अभिमानास्पद गोष्ट होती. पण औषधासोबत त्याच्या जनकाचा इशाराही घरोघरी पोहोचावयास हवा होता. तो पोहोचला नाही.

इशाऱ्यातील दुरुस्ती

आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात फ्लेमिंग यांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांनी उदाहरणादाखल घेतलेला घशाचा स्ट्रेप्टोकोकस हा जंतू आजही पेनिसिलिनला दाद देतो. दुसरे असे की, प्रतिकार केवळ रोगाच्या जंतूंतच उत्पन्न होत नाही. आपल्या आतड्यांत व त्वचेवर कोट्यवधी निरुपद्रवी जिवाणू नांदत असतात. प्रतिजैविकाच्या प्रत्येक मात्रेबरोबर त्यांतील दुर्बल मरतात, चिवट उरतात. आणि हे चिवट जिवाणू आपला गुण इतर जातींच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. वाडीत खुरपणी करणाऱ्याला हे सहज उमजेल. वरवर उपटलेल्या तणातून उरते ती खोल मुळांची हरळी, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तीच माजते.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. अपुरी घेतलेली गोळी घातक आहेच. परंतु गरज नसताना घेतलेली गोळी त्याहूनही घातक ठरू शकते. सर्दी-पडसे आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात व विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. काही साध्या संसर्गांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा उपचार पुरतो, असेही अलीकडच्या संशोधनातून दिसले आहे. मात्र किती दिवस पुरेसे आहेत हे डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. ताप उतरला म्हणून रुग्णाने परस्पर ठरवावयाचे नसते.

क्षयरोगाच्या बाबतीत तर यात तडजोडीला जागाच नाही. 1940 च्या दशकाअखेरीस स्ट्रेप्टोमायसिनचा वापर सुरू होताच दिसून आले की, एकट्या औषधाने रुग्ण काही महिने सुधारतो आणि मग जंतू त्या औषधाला बधेनासे होतात. म्हणून अनेक औषधे एकत्र आणि दीर्घकाळ देण्याची पद्धत आली. मद्रास येथे 1956 पासून झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने दाखवून दिले की, आरोग्यधामात न राहता घरी राहूनही, औषधे नियमित घेतल्यास रुग्ण तितकाच चांगला बरा होतो. गरीब रुग्णांना हे वरदानच होते. पण त्याबरोबर उपचाराची सूत्रे रुग्णालयाच्या हातून रुग्णाच्या हाती आली. आजही साध्या क्षयावर सहा महिने औषधे घ्यावी लागतात. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढते, आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. 2011 च्या अखेरीस मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी, तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण आढळल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष मुंबईकडे वळले. या रुग्णांना दिला गेलेला दोष अर्धसत्य होता. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरताना त्यांना मिळालेली औषधेही अनेकदा अयोग्य होती.

दोष कोणाचा, कर्तव्य कोणाचे

म्हणूनच सारा भार एकट्या रुग्णावर टाकणे अन्यायाचे होईल. ज्याचा रोजगार बुडतो, ज्याला पूर्ण औषधाचा खर्च झेपत नाही, त्याला केवळ उपदेश करून भागत नाही. रुग्ण नाराज होऊन दुसरीकडे जाईल या भीतीने प्रतिजैविक लिहून देणारे डॉक्टर आहेत, चिठ्ठी न मागता ते विकणारे दुकानदार आहेत आणि कोंबड्यांच्या खाद्यात ते मिसळणारे व्यावसायिकही आहेत. सरकारने 1 मार्च 2014 पासून अनेक महत्त्वाची प्रतिजैविके व क्षयाची औषधे एच-1 या अनुसूचीत घातली. त्यांची विक्री चिठ्ठीवरच व्हावी आणि दुकानदाराने तिची स्वतंत्र नोंद ठेवावी असा नियम केला. 2016 मध्ये गोळ्यांच्या पाकिटावरील उभ्या लाल रेघेचा अर्थ लोकांना समजावून सांगण्याची मोहीमही निघाली. परंतु त्या रेघेचा अर्थ किती सुशिक्षितांना ठाऊक आहे?

तरीही रुग्णाचा स्वतःचा असा एक वाटा उरतोच आणि तो दुसरा कोणी उचलू शकत नाही. डॉक्टरांनी गरज नाही असे सांगितल्यावर प्रतिजैविकाचा आग्रह न धरणे, सांगितलेली मात्रा सांगितलेल्या वेळी घेणे, त्रास झाल्यास औषध परस्पर न थांबविता डॉक्टरांना विचारणे, उरलेली गोळी पुढच्या आजारासाठी न ठेवणे व शेजाऱ्याला न देणे, या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. हात धुणे आणि मुलांना वेळेवर लसी देणे हेही त्यातच मोडते. कारण जो संसर्ग झालाच नाही, त्याला औषध लागत नाही. सांडोरकरांना तर डॉक्टरांसाठी दूर जावे लागण्याचेही कारण नाही. गावातच बंगली येथे कार्डिनल ग्रेशस यांच्या नावाचे रुग्णालय उभे आहे. शिक्षकांनी वर्गात फ्लेमिंग यांचा धडा शिकविताना बुरशीच्या बशीबरोबर त्या काल्पनिक पती-पत्नीची कथाही सांगावी. विद्यार्थी ती घरी नेतील आणि डबा उघडून पाहतील.

2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली, असा अंदाज 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने वर्तविला. नवी प्रतिजैविके फार थोडी येत आहेत. जी आहेत ती एखाद्या गावाच्या तळ्यासारखी आहेत. प्रत्येकाने त्यात घाण केली तर शेवटी तहान कोणाचीच भागणार नाही. ऑक्सफर्डच्या त्या शिपायाला वाचविण्यासाठी औषध उरले नव्हते. उद्या एखाद्या बाळंतिणीला वा नवजात बालकाला वाचविण्यासाठी औषध भरपूर असेल, पण ते लागू पडणार नाही, अशी पाळी येऊ नये. फ्लेमिंग यांच्या कथेतील ती पत्नी काल्पनिक होती. तिला काल्पनिकच राहू देणे हे आपल्या हाती आहे.